आधी पाय काढा, मग हात घाला

शाबान लागला की आमच्या घरी शिलाई मशीनवरची चादर निघते. आम्ही दोघी जावा, मशीन एक, आणि घरात लहान-मोठी नऊ माणसं. रमजानमध्ये टेलरकडे गेलं तर ‘आता ईदनंतर या’ असंच ऐकावं लागतं. त्यामुळे मुलांचे कुर्ते, मुलींचे सलवार-कमीज, अम्मींची नमाजची ओढणी, सगळं घरीच होतं. शिवाय गल्लीतल्या चार-पाच घरांचे कपडे आमच्याकडे येतात. त्या पैशांतून दोन मुलींच्या क्लासची फी निघते. म्हणून हे मशीन आमच्यासाठी हौसेची वस्तू नाही.

गेल्या रमजानच्या पंचविसाव्या रोज्याची गोष्ट. तरावीहनंतर रात्री साडेअकराच्या सुमाराला थोरली एका घागऱ्याला जरीचा काठ लावत होती. दोरा तुटला. चष्मा सावरत ती सुईत दोरा ओवायला वाकली. तेवढ्यात आतून मुलीने हाक मारली, ही वळली आणि मोटरच्या पायडलवर ठेवलेला पाय नकळत दाबला गेला. सुई डाव्या हाताच्या बोटात नखातून आरपार गेली आणि मोडली.

धाकटीने आधी भिंतीवरचं बटण बंद केलं. मग सुईचे तुकडे शोधले. दोन मिळाले. ते पांढऱ्या कागदावर जुळवून नव्या सुईशेजारी ठेवले, तर टोकाकडचा तांदळाच्या दाण्याएवढा भाग कमी पडत होता. रात्रीच दवाखान्यात गेलो. एक्स-रे काढला, टोक बोटातच होतं. बोट बधिर करून डॉक्टरांनी ते काढलं, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं. घरी चिमट्याने ओढाओढ केली नाही हे बरं केलंत, असंही म्हणाले. त्यानंतर तीन आठवडे मशीन बंद. घेतलेली कापडं माफी मागून परत केली. ईदचा शीरखुर्मा अम्मींनी एकटीने केला.

नंतर आम्ही दोघींनी बसून आठवलं, की लग्न होऊन या घरात आल्यापासून मशीनवर आम्हाला काय काय लागलं. सुई टोचली ती बहुतेक वेळा दोरा ओवताना. चिमटा बसला तो बॉबिन बदलताना. डोकं खाली आदळलं ते तेल घालताना. सरळ शिवण चालू असताना आमचं लक्ष सुईवरच असतं. मशीन थांबलं की आपण गाफील होतो, आणि मोटरला मात्र आपण थांबलोय हे कळत नाही. म्हणून आमच्या घरी आता एकच नियम आहे: आधी पाय काढा, मग हात घाला. दोरा ओवायचा असो, बॉबिन बदलायची असो, दात्यांत अडकलेला धागा काढायचा असो, पाय पायडलवरून उचलून बाजूला जमिनीवर ठेवायचा. सुई किंवा मशीनचा बल्ब बदलायचा तर त्याही पुढे जाऊन प्लगच काढायचा. नुसतं बटण बंद करून भागत नाही. जुन्या घरांत कधी कधी बटण चुकीच्या तारेवर जोडलेलं असतं, आणि बंद करूनही आत करंट राहतो.

आता मोटरचं सांगतो, कारण जास्तीत जास्त घरांत मशीन आमच्यासारखंच आहे. सासूबाईंच्या लग्नातलं काळं लोखंडी पायमशीन, आणि त्याला नंतर बसवून घेतलेली छोटी मोटर. सोय मोठी आहे, गुडघे वाचतात. पण हे मशीन डोक्यापासून पत्रीपर्यंत लोखंडाचं आहे आणि मोटर त्याच लोखंडाला स्क्रूने कसलेली आहे. मोटरच्या आतल्या तारेचं आवरण कुठे झिजलं, तर करंट सगळ्या मशीनवर येतो. आपले दोन्ही हात तर त्यावरच असतात.

आमच्याकडे हे एका जुलैत झालं. कोकणातला पाऊस तुम्हाला माहीत आहे, भिंतीसुद्धा घाम गाळतात. धाकटी नुकत्याच पुसलेल्या फरशीवर अनवाणी बसली होती. हाताला मुंग्या आल्यासारखं झालं. तिला वाटलं, बसून बसून हात आखडला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी टेस्टर लावला तर चाकावर दिवा पेटला. मोटर बसवणाऱ्याने दोन पिनांचा प्लग दिला होता, त्यात अर्थिंगची तार नव्हतीच.

मशीनला हात लावल्यावर जरा जरी झिणझिणलं तरी प्लग काढा आणि वायरमन येईपर्यंत लावू नका. आम्ही काय केलं ते सांगतो. मोटरची तपासणी करून घेतली. तीन तारांची वायर आणि तीन पिनांचा प्लग लावून घेतला, आणि अर्थिंगची हिरवी तार मोटरच्या लोखंडी पट्टीला जोडून घेतली. घराचं अर्थिंग तरी चालू आहे का, हेही वायरमनकडून बघून घेतलं, कारण भिंतीत तिसरं भोक आहे म्हणून त्यामागे अर्थिंग असेलच असं नाही. मेन बोर्डावर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवला. अंगातून करंट जायला लागला तर हा क्षणात लाइन तोडतो. खर्च झाला, पण सगळ्या घरासाठी झाला, गिझर आणि वॉशिंग मशीनसाठीसुद्धा. रबरी चप्पल घालून बसते, मग काय होतंय, असं म्हणणाऱ्या बऱ्याच जणी भेटतात. चप्पल जरूर घाला, पण तिच्या भरवशावर बिघडलेली मोटर चालवू नका.

मोटरचं पायडल चिंध्यांच्या ढिगात किंवा सतरंजीखाली ठेवू नये. काही पायडलं चालताना गरम होतात. हात लावून बघायची सवय ठेवा. चटका बसण्याइतकं तापलं किंवा जळका वास आला तर बदलून टाका. मोटरचा रबरी पट्टा बोटाने दाबल्यावर थोडा आत जायला हवा. फार ताणला की मोटर तापते, फार सैल असला की घसरतो.

२०२१ च्या जुलैत चिपळूणला पूर आला तेव्हा आमच्या नात्यातल्या एका घरातलं मशीन रात्रभर पाण्याखाली होतं. डोकं वाचलं. स्वच्छ पाण्याने धुतलं, कोरडं केलं, सांध्यांना रॉकेल लावून गाळ काढला, मग तेल दिलं आणि ते आजही शिवतं आहे. रॉकेलचं काम अंगणात केलं, चुलीपासून लांब. मोटरसुद्धा दोन दिवस उन्हात ठेवून लावायची असं घरातल्या पुरुषांचं म्हणणं होतं. वहिनींनी ऐकलं नाही, आणि त्यांचंच बरोबर होतं. बाहेरून वाळलेल्या मोटरच्या आतल्या गुंडाळीत ओल राहते. ती मिस्त्रीने उघडून बघितल्याशिवाय प्लगमध्ये घालू नये.

मशीन कुठे ठेवावं? खिडकीजवळ, डावीकडून उजेड येईल असं, आणि गॅसपासून लांब. स्टँडचे चारही पाय टेकले पाहिजेत. डगमगत असेल तर कागदाच्या घड्या सरकवू नका, सुताराकडून लाकडाची चकती घ्या. डोकं ज्या दोन खिळ्यांवर मागे उलटतं, त्यांचे स्क्रू वर्षातून एकदा कसून घ्या. काळ्या मशीनचं डोकं दहा किलोच्या पुढेच भरतं, आणि ते उलटं करून खाली हात घातलेला असताना सटकलं तर बोटं चेचतात. तेल घालताना डोकं मागे पूर्ण टेकलंय ना, हे बघूनच हात घाला. स्टँड हलवायचं झालं तर आधी डोकं काढून ठेवावं.

बसायला प्लास्टिकची खुर्ची किंवा स्टूल चालेल, पण मागे सरकणारं नको. कोपर मशीनच्या टेबलाच्या उंचीला यावं. उंची कमी पडली तर खांदे वर चढतात आणि दोन कुर्त्यांत मान धरते.

सुईबद्दल थोडं सविस्तर लिहायला हवं, कारण सुई मोडते ती बहुतेक वेळा आपल्याच चुकीने. घरच्या मशीनच्या सुईला वरच्या जाड भागात एक बाजू चपटी असते. तिच्या बरोबर समोरच्या बाजूला वरपासून भोकापर्यंत एक लांब खाच असते. दोरा खाचेच्या बाजूने ओवायचा. चपटी बाजू कोणत्या दिशेला ठेवायची हे मशीनप्रमाणे बदलतं, म्हणून जुनी सुई काढण्याआधी बघून ठेवा. सुई वर टेकेपर्यंत सरकवा आणि मगच स्क्रू कसा. जॉर्जेट, शिफॉनला ११ नंबर, रोजच्या सुती कापडाला १४, जीन्स किंवा पडद्याच्या जाड कापडाला १६ किंवा १८. पातळ सुईने जीन्सच्या चार पदरांवर जोर केला तर ती मोडणारच. साधारण आठ तास शिवून झालं की सुई बदलावी. पाच-दहा रुपयांच्या सुईत काटकसर करून जॉर्जेटचा धागा ओढला गेला, तर तोटा आपलाच.

सुई मोडायचं आणखी एक कारण म्हणजे कापड मागून ओढणं. खालचे दाते कापड आपोआप पुढे नेतात, आपण फक्त दिशा द्यायची. ओढलं की सुई वाकते, लोखंडी पत्रीवर आपटते आणि तुकडा उडतो, कधी डोळ्याकडे. जाड शिवणीवर पायडल सोडून चाक हाताने, आपल्या बाजूला फिरवत न्यावं. टाचण्यांवरून शिवू नये. टाचणी फुटाजवळ आली की थांबून काढायची. घाईत वाटतं, एकदा गेलं तर काय होतंय. नऊ वेळा काही होत नाही.

कापडाखाली दोऱ्याचा गुंता झाला तर सगळ्या जणी बॉबिनला दोष देतात. पण खाली गुंता झाला की चूक बहुधा वरच्या दोऱ्यात असते. फूट वर उचलून दोरा पुन्हा पहिल्यापासून ओवा. फूट खाली असला तर ताण देणाऱ्या चकत्या मिटलेल्या राहतात आणि दोरा त्यांच्यात बसत नाही. हे आधी केलंत तर खाली बोटं घालून धागे ओढायची वेळ कमी येईल.

तेल मशीनचंच घाला, पातळ आणि पाण्यासारखं स्वच्छ. अम्मी पूर्वी खोबरेल घालायच्या, आणि दर थंडीत मशीन जड का जातं ते कुणाला कळायचं नाही. खोबरेल थिजतं, गोडं तेल चिकट होतं. मशीनच्या तेलाचे एक-दोन थेंब पुरतात. मग चिंधीवर थोडं चालवून बघायचं. मोटरवर किंवा पट्ट्यावर तेल सांडू देऊ नका.

ओढणी सांभाळा. चाक उजव्या हाताला असतं आणि ओढणीचं टोकही बरेचदा तिकडेच लोंबतं. आम्ही शिवायला बसताना ओढणी मागे नेऊन गाठ मारतो, वेणी आत घेतो, सैल बाह्या वर करतो. बांगड्यांचं ज्याचं त्याने ठरवावं. काचेच्या असल्या तर आम्ही काढून ठेवतो.

घरात लहान मूल असेल तर शिवून झाल्यावर प्लग काढून वायर वर गुंडाळा. पायमशीन असेल तर चामड्याची वादी चाकावरून उतरवून ठेवा. मग मुलांनी पायडल कितीही हलवलं तरी वरचं चाक फिरत नाही. मुलीला मशीन शिकवायचं असेल तर हातचाकाच्या मधला गोल नट ढिला करा. चाक फिरतं, सुई जागची हलत नाही. पायाला लय आली की नट कसून, दोरा न ओवता वहीच्या कागदावर रेघांवरून चालवायला द्या. आमच्या पुतणीने आधी दोन वह्या भोकं पाडून संपवल्या, मग कापडाला हात लावला.

मोडक्या सुया कचऱ्यात टाकत नाही. खोकल्याच्या औषधाची रिकामी बाटली मशीनच्या खणात आहे, तुकडे मोजून त्यात टाकतो. झाकण घट्ट. कचरा उचलणाऱ्या बायांच्या हातांना हातमोजे नसतात.

आणि बोटात सुई गेलीच तर? आधी पाय आणि प्लग. बोट सुईत अडकलं असेल तर सुईचा स्क्रू ढिला करून सुई मशीनमधून सोडवा, बोटातून उपसू नका. तशीच हलक्या हाताने कापडात धरून दवाखान्यात जा. नुसती टोचली असेल तर साबणाने धुऊन स्वच्छ कापड दाबून धरा. सुई मोडली असेल तर तुकडे जुळवा. एक जरी कमी पडला तर एक्स-रे. धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं होतं, हे डॉक्टरांना सांगा.

यंदा आम्ही दोन गोष्टी ठरवल्या आहेत. बाहेरचं कापड पंधराव्या रोज्यापर्यंतच घ्यायचं, आणि रात्री अकरानंतर मशीन बंद. दिवसभराचा रोजा, इफ्तारची भांडी, तरावीह आणि पहाटे सहेरीला उठायचं. त्यातून उरलेल्या डोळ्यांनी सुईच्या भोकाकडे बघण्यात अर्थ नाही. शेजारच्या खालांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी आधी तोंड वाकडं केलं. मग ‘तर आत्ताच घ्या’ म्हणत तीन नातींची कापडं आणून टाकली. त्यातलं पहिलं आज कापायला घेतलंय.