भंगारवाला घेत नाही ती काच

भंगारवाल्याचा टेम्पो वाडीत शिरला की भोंग्यावर तीच यादी वाजत येते. लोखंड, पत्रा, तांबं, पितळ, फुटक्या बादल्या, जुन्या बॅटऱ्या, रद्दी. जुन्नर तालुक्यातल्या आळे परिसराच्या मळ्यांत जळलेल्या मोटारीपासून ठिबकच्या फाटक्या नळ्यांपर्यंत सगळ्याला त्याच्या काट्यावर काही ना काही किंमत असते. मग गोठ्यामागून कुणीतरी पिवळा पडलेला, कडेने दोरे सुटलेला नागमोडी पत्रा ओढत आणतं. भंगारवाला एकदा बघतो आणि मान हलवतो. फायबर आहे, नको. पत्रा परत गोठ्यामागे जातो. एखाद्या थंडीच्या पहाटे तो शेकोटीत पडतो, काळा धूर निघतो आणि राखेत पांढऱ्या दोऱ्यांचं जाळं तेवढं उरतं.

ते जाळं काचेचं असतं. फायबरग्लास या नावातच काच आहे, पण मराठी बोलण्यात ती गळून पडली आणि नुसतं ‘फायबर’ उरलं. त्यातून गोंधळ झाला तो वेगळाच. गॅरेजमध्ये मोटारसायकलचं ‘फायबर’ फुटलेलं असतं, ते बहुधा एबीएस प्लास्टिक. मांडवातली ‘फायबरची खुर्ची’ पॉलिप्रॉपिलिनची. गच्चीवरची काळी टाकी पॉलिथिलीनची. घरात ‘फायबर’ घेतलं म्हणजे इंटरनेट आलं, आणि डॉक्टर ‘फायबर खा’ म्हणतात तेव्हा त्यांच्या मनात पालेभाजी असते. खरं फायबर ओळखणं मात्र अवघड नाही. पत्रा उन्हाकडे धरला की आत विखुरलेले बारीक दोरे दिसतात, आणि हाताने घडवलेल्या वस्तूची आतली बाजू खरखरीत लागते.

जुन्या घरांच्या भिंतींसाठी पांढऱ्या मातीत भुसा किंवा गवत टाकून चिखल तुडवत. नुसती माती वाळली की तडकते, नुसता भुसा वाऱ्यावर उडतो. दोन्ही एकत्र आले की भिंत दोन-तीन पिढ्या उभी राहते. फायबरग्लासची युक्ती हीच. इथे माती म्हणजे रेझिन नावाचा चिकट द्रव आणि भुसा म्हणजे काचेचे तंतू. रेझिन आकार धरतं, ताण तंतू सोसतात. तयार वस्तू गंजत नाही, वीज वाहून नेत नाही आणि तिचं वजन त्याच आकारमानाच्या पोलादाच्या साधारण पावपट भरतं.

पण काच तर ठिसूळ, मग ती बळ कुठून देते? 1920 च्या सुमारास ए. ए. ग्रिफिथ या ब्रिटिश अभियंत्याने काचेचे तंतू ओढून, तोडून मोजमापं घेतली. तंतू जितका बारीक, तितकी त्याची ताकद जास्त, असं त्याला आढळलं. काच तुटते ती तिच्या अंगावरच्या सूक्ष्म चिरांपासून. जाड काचेत मोठ्या चिरेला जागा असते, केसाहून बारीक तंतूत ती नसते. खिडकीची काच दगडाने फुटते आणि काचतंतूंची होडी लाटांचे तडाखे खाते, त्याचं मूळ इथे आहे.

हे तंतू पाडायची रीत दिवाळीच्या फराळासारखी. वाळू, चुनखडी, ॲल्युमिना आणि बोरॉनची संयुगं भट्टीत चौदाशे अंश सेल्सिअसच्या आसपास वितळवतात. तो रस प्लॅटिनम आणि ऱ्होडियमच्या मिश्रधातूच्या, शेकडो-हजारो छिद्रं असलेल्या तळातून खाली ओढला जातो. सोऱ्यातून शेव पडावी तसाच प्रकार, पण ही शेव 10 ते 20 मायक्रॉन जाडीची. माणसाचा केस साधारण 70 मायक्रॉन भरतो. तोच रस गरगर फिरवून उडवला की जत्रेतल्या म्हातारीच्या केसांसारखी काचेची लोकर तयार होते. ती वातानुकूलनाच्या नळ्यांभोवती, चित्रपटगृहांच्या भिंतींत आणि ओव्हनच्या पत्र्याआड भरतात. उष्णता आणि आवाज अडवणं एवढंच तिचं काम.

अमेरिकेत 1893 च्या शिकागो प्रदर्शनात काचेच्या धाग्यांचा झगा मांडला होता. बघायला गर्दी झाली, अंगात घालून बसण्याच्या सोयीचा तो नव्हताच. पुढे 1932 मध्ये डेल क्लाइस्ट हा तरुण संशोधक काचेच्या विटा जोडायच्या खटपटीत असताना दाबाखालच्या हवेचा झोत वितळलेल्या काचेवर बसला आणि तिचे बारीक तंतू उडाले. चुकीतून धंद्याची वाट सापडली. 1938 मध्ये ओवेन्स-कॉर्निंग कंपनी उभी राहिली आणि 1953 मध्ये शेव्हरोलेची कॉर्व्हेट मोटार फायबरग्लासच्या अंगाने रस्त्यावर आली. काचतंतूंचे कारखाने पुढे आपल्याकडेही निघाले, नवी मुंबईजवळ तळोज्याला आणि गोव्यात कोलवाळला.

आळ्याच्या माणसाला खरं तर काचेची ही बारीक रूपं परकी वाटायला नकोत. जवळच कुकडीच्या काठी बोरी गाव आहे. तिथल्या गाळाच्या थरांत ज्वालामुखीची राख सापडली आणि पुरातत्त्व व भूशास्त्र या दोन्ही विषयांत बोरीचं नाव झालं. ही राख इंडोनेशियातल्या टोबा ज्वालामुखीची मानली जाते. ती नेमक्या कोणत्या उद्रेकाची, म्हणजे सुमारे 74 हजार वर्षांपूर्वीची की त्याहून कितीतरी जुनी, यावर अभ्यासकांत वाद आहेत. राख म्हटली तरी ती चुलीतली नव्हे. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तर काचेचे टोकदार कपचे दिसतात. काच किती टिकते, याचा पुरावा शोधायला जुन्नर तालुक्याबाहेर जायची गरज नाही.

आजची काच मात्र दिसत नाही अशा जागी बसली आहे. आळेफाट्याच्या बाजारात कांद्याचं वजन सांगणारा इलेक्ट्रॉनिक काटा उघडला तर आतली हिरवी पाटी काचेच्या कापडावर इपॉक्सी रेझिन चढवून केलेली असते. खिशातल्या मोबाइलचा आणि विहिरीवरच्या ऑटो स्टार्टरचा पायाही तोच. घराबाहेरची विजेच्या मीटरची पेटी पुष्कळदा काचतंतू मिसळून साच्यात दाबलेली असते, कारण ती गंजत नाही आणि धक्काही देत नाही. वायरमनची शिडी फायबरची असते ती याच कारणाने. आंघोळीच्या खोलीला फायबरचा दरवाजा, गोठ्याला उजेडासाठी दोन पत्र्यांमध्ये एक फायबरचा पत्रा, मंगल कार्यालयाच्या दारात फायबरचे हत्ती. कोकणात लाकडी होड्यांची जागा फायबरच्या होड्यांनी घेतली, आणि साताऱ्याच्या वनकुसवडे पठारावर पवनचक्क्यांची जी पाती फिरतात तीही काच आणि रेझिनचीच.

खोडदच्या रेडिओ दुर्बिणीचं उदाहरण जरा वेगळं आहे. तिथल्या 45 मीटर व्यासाच्या 30 अँटेना म्हणजे स्टेनलेस स्टीलच्या तारांची जाळी. त्यांचे संदेश मुख्य इमारतीपर्यंत येतात ते प्रकाशतंतूंतून. तीही काचच, पण अतिशुद्ध आणि उजेड वाहणारी. छपरावरची काच ओझं वाहते, खोडदची काच आकाशातली बातमी वाहते. दोघींना एकच नाव पडलं, एवढंच.

या वस्तूला दोष द्यायचा हेतू नाही. गणेश मंडळांनी फायबरची कायम मूर्ती ठेवून छोट्या मातीच्या मूर्तीचं विसर्जन करायची पद्धत धरली, ती दरवर्षी प्लॅस्टरचे डोंगर पाण्यात सोडण्यापेक्षा केव्हाही शहाणपणाची. तक्रार आहे ती वस्तूच्या दोन टोकांकडे आपण पाहत नाही याची. एका टोकाला ती घडवणारा कारागीर आहे, दुसऱ्या टोकाला तिची मोडतोड.

घडवण्याचं काम बहुतेक ठिकाणी हातानेच चालतं. साच्याला मेण लावायचं, त्यावर जेलकोटचा, म्हणजे बाहेरच्या गुळगुळीत रेझिनचा थर, मग काचेची मॅट अंथरून ब्रशने रेझिन पाजायचं आणि रोलर फिरवून हवा काढायची. तो तीव्र वास येतो स्टायरिनचा. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2018 मध्ये स्टायरिनला ‘माणसात बहुधा कर्करोगकारक’ या वर्गात टाकलं. सलग काचतंतूंवर तसा ठपका नाही. ॲस्बेस्टॉसशी त्यांची तुलना करून घाबरवणारे चुकतात, कारण हे तंतू फुप्फुसात खोल जाण्याइतके बारीक नसतात. तरी ग्राइंडर फिरल्यावर उडणारी धूळ डोळे, घसा आणि कातडी सोलवटून काढते. रेझिन घट्ट करणाऱ्या हार्डनरचा थेंब डोळ्यात गेला तर दृष्टी जाऊ शकते. ते घट्ट होण्याचा वेग वाढवणारं कोबाल्टचं द्रावण आणि हार्डनर एकमेकांत थेट ओतले तर भडका उडतो. दोन्ही रेझिनमध्ये वेगवेगळेच घालायचे असतात. तरीही रस्त्याकडेच्या कित्येक शेडमध्ये पोरं तोंडाला रुमाल बांधून हे काम करताना दिसतात. रुमाल धूळ थोडीफार अडवील, वाफ अडवत नाही. रेझिनच्या डब्याबरोबर योग्य मुखवटा, चष्मा आणि हातमोजे दिल्याशिवाय काम सुरू करू न देणं ही मालकाची जबाबदारी आहे, आणि तपासणीला येणाऱ्या अधिकाऱ्याचीही.

दुसरं टोक त्याहून दुर्लक्षित. लोखंड वितळतं, प्लास्टिकची बादलीही पुन्हा वितळवता येते. फायबरग्लासमधलं रेझिन एकदा घट्ट झालं की वितळत नाही. भाजलेल्या विटेचा परत चिखल होत नाही, तसंच. म्हणून भंगारवाला मान हलवतो, त्यात त्याची चूक नाही. अमेरिकेत वायोमिंग राज्यातल्या कॅस्पर शहराच्या कचराभूमीत पवनचक्क्यांची निवृत्त पाती कापून पुरली गेली, म्हणजे हा प्रश्न श्रीमंत देशांनाही सुटलेला नाही. आपल्याकडच्या जुन्या पात्यांचीही वयं होत आली आहेत. आळ्याच्या भूमीत ज्ञानेश्वरांच्या रेड्याला समाधी मिळाली. मंगल कार्यालयाच्या दारातला सोंड तुटलेला फायबरचा हत्ती कुठे नेऊन ठेवायचा, हे अजून ठरलेलं नाही.

कागदावर मात्र उपाय आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने 2016 मध्ये अशा कचऱ्यासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. सिमेंटच्या भट्टीत तो जाळावा, असा त्यातला एक मार्ग. ही कल्पना चांगली आहे, कारण रेझिन इंधन म्हणून जळतं आणि काचेतली वाळू, चुना, ॲल्युमिना सिमेंटमध्येच मिसळून जातात. मागे टाकायला काही उरत नाही. अडतं ते गोळा करण्यापाशी. राज्यातले मोठे सिमेंट कारखाने चंद्रपूर भागात आहेत. गोठ्यामागचा एक पत्रा तिकडे कोण नेणार? हजार पत्रे एका जागी साठले तर मालमोटार भरते.

जुन्नर आणि आंबेगावच्या पंचायत समित्यांना हे जमण्यासारखं आहे. पावसाळ्याच्या तोंडावर गावोगाव छपरं शाकारायची, पत्रे बदलायची लगबग असते. त्या लगबगीत दोन आठवडे बाजाराच्या गावी एक जागा नेमून फायबरचा कचरा उतरवून घ्यावा आणि त्याची पुढची वाट जिल्हा परिषदेने लावावी. नवा पत्रा विकणाऱ्या दुकानदारावरही जुना परत घेण्याचं बंधन घालता येईल.

घरच्यांनी करायचं ते सोपं आहे. पत्रा घेताना उन्हापासून बचाव करणारा थर आहे का, हे विचारा. तो नसला की ऊन रेझिन खातं आणि दोरे उघडे पडतात. खऱ्या फायबरच्या दरवाजाला किंवा टाकीला तडा गेला तर थोडी मॅट आणि रेझिन लावून तो बुजवता येतो, वस्तू टाकायची गरज नसते. हाताला कुसळं लागली तर न चोळता गार पाण्याने धुवा. आणि फाटका पत्रा शेकोटीत घालू नका. पोत्यात गुंडाळून, सुतळीने बांधून कोरड्या जागी उभा करून ठेवा आणि येत्या ग्रामसभेत त्याच्यासाठी गाडी मागा.