खेळ मोजला, कष्ट वगळले

शाळकरी मुलांची शारीरिक हालचाल मोजण्यासाठी कॅनडात तयार झालेली एक प्रश्नावली अनेक देशांत भाषांतर करून वापरली जाते. गेल्या सात दिवसांत मोकळ्या वेळात काय खेळलात, हे मुलांनी स्वतः भरायचे. मूळ यादीत आइस हॉकी आहे, स्कीइंग आहे. त्या जागी खो-खो, लंगडी घालता येते. पण 'मोकळा वेळ' मुलींसाठी कुठून आणायचा?

रहिमतपूर परिसरातल्या मुलींशी बोलताना हे सतत जाणवते. शाळा सुटली की भाऊ मैदानावर जातो. ती पाणी भरते, भांडी घासते, वैरण आणते, धाकट्याला कडेवर घेऊन फिरते. याला प्रश्नावलीत रकाना नाही. मग निष्कर्ष निघतो, मुली हालचाल कमी करतात!

देशाच्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणीत सहा वर्षांपासूनच्या सर्वांची नोंद आहे. बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायका-मुलींची त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटे जातात. ते करणाऱ्या पुरुष-मुलग्यांची ८८.

मग घरकाम व्यायाम म्हणून मोजायचे? तेही नको. हंडा वाहणे म्हणजे खेळ नव्हे. उद्या "पोरी घरीच दमतात, त्यांना मैदान कशाला?" असे म्हणायला सगळे मोकळे! कष्टांचा रकाना वेगळा हवा, खेळाचा वेगळा. जागतिक आरोग्य संघटना मुलांना रोज सरासरी ६० मिनिटे मध्यम ते दमदार हालचाल सुचवते. मुलीला ती खेळातून मिळायची, तर तिच्या हातातली कळशी भावाने घ्यायला हवी.

मैत्रिणींनो, आपल्या गावच्या शाळेत अशी प्रश्नावली आली, तर ती आधी मुलींकडून तपासून घ्या.