गाण्यालाही तारीख हवी

गडचिरोली जिल्ह्यातल्या वडशात नाटक कंपन्यांच्या कचेऱ्यांमध्ये दसरा-दिवाळीच्या सुमारास सगळा व्यवहार एका गोष्टीभोवती फिरतो, ती म्हणजे तारीख. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदियातल्या गावांची मंडळं येतात, मंडईची जत्रा किंवा बैलांच्या शर्यतीचा शंकरपट कधी आहे ते सांगतात, नाटक पसंत करतात आणि विसार देऊन जातात. ठरल्या रात्री पडदा वर गेलाच पाहिजे. ऑर्गन आणि तबल्याच्या साथीनं गायक-नट रात्रभर गातो, पहाटे प्रयोग संपतो आणि तो आपला मोबदला घेतो. या चार जिल्ह्यांच्या झाडीपट्टीत कुणाचा गळा विकत घेऊन तो कपाटात बंद करून ठेवता येत नाही, कारण तिथं गाणं विकलं जातं ते लोकांपुढे गायल्यावरच. रेकॉर्डिंगच्या धंद्यात मात्र हे करता येतं. तिथं गायकाकडून गाणं घेतलं जातं, पण ते बाहेर कधी येणार हे दुसराच ठरवतो. म्हणूनच वडशाच्या नाटकवाल्यांचा तारखेचा शिरस्ता गाण्याच्या करारातही यायला हवा, असं मला ठामपणे वाटतं.

स्काय फरेरा या अमेरिकन पॉप गायिकेचं उदाहरण घ्या. १९९२ साली लॉस एंजेलिसमध्ये जन्मलेल्या या मुलीला वयाच्या पंधराव्या वर्षी एका मोठ्या कंपनीनं करारबद्ध केलं. पहिला अल्बम लांबत गेला आणि अखेर ऑक्टोबर २०१३मध्ये ‘नाइट टाइम, माय टाइम’ या नावानं आला. समीक्षकांनी तो उचलून धरला. २०१५मध्ये तिनं ‘मॅसोकिझम’ नावाचा दुसरा अल्बम जाहीर केला. त्यानंतर २०१९मध्ये एक गाणं आलं, २०२२मध्ये आणखी एक, पण अल्बम आला नाही. तिनं जाहीरपणे कंपनीकडे बोट दाखवलं. चाहत्यांनी तिच्या सुटकेची मागणी करणारे फलक न्यूयॉर्कमध्ये लावले. २०२३मध्ये कंपनीशी असलेलं नातं संपलं, तेव्हा ती तिशी ओलांडून गेली होती. पॉप गायिकेच्या उमेदीची वर्षं मोजकीच असतात, आणि इथं त्यातली जवळजवळ दहा वर्षं वाट पाहण्यात गेली.

यावर पहिला आक्षेप येतो तो असा, की उशीर कलाकारामुळेही होतो. फरेरा स्वतःच्या कामाबाबत काटेकोर आहे हे खरंच, आणि कुणाचा वाटा किती हे बाहेरून ठरवणं अवघड आहे. पण शर्त अशी घालता येते, की तयार ध्वनिमुद्रण कंपनीच्या हाती पडल्यापासूनच मुदत मोजायची. मग गायकाच्या विलंबाचा भुर्दंड कंपनीला पडत नाही. दुसरा आक्षेप पैशाचा आहे, आणि तो जास्त वजनदार आहे. स्टुडिओ, वादक, जाहिरात या सगळ्याचा खर्च कंपनी करते, मग न चालणारा माल बाजारात आणायची सक्ती तिच्यावर का? सक्ती कुणीच मागत नाही. कंपनीला नको असेल तर गाणं गायकाला परत मिळावं, आणि पुढे कमाई झालीच तर आधी कंपनीचा खर्च फेडला जावा. शिवाय ‘चालणार नाही’ हा अंदाज किती चुकू शकतो हे ब्रिटनच्या रेनं दाखवून दिलं. २०१४मध्ये चार अल्बमचा करार झालेल्या या गायिकेनं २०२१मध्ये जाहीर तक्रार केली, की कंपनी तिला एकही अल्बम काढू देत नाही. ती बाहेर पडली, २०२३मध्ये तिनं स्वतःच्या बळावर अल्बम काढला आणि २०२४च्या ब्रिट पुरस्कारांत एका रात्रीत सहा पुरस्कार पटकावून विक्रम केला.

आपल्याकडे तर कायद्यात याची वाट आधीच आहे, फक्त तिला मोठं भगदाड आहे. कॉपीराइट कायदा, १९५७च्या कलम १९(४)नुसार हक्क घेणाऱ्यानं वर्षभरात ते वापरले नाहीत, तर ते हस्तांतरण संपुष्टात आलं असं मानलं जातं. कलावंताच्या हक्कांनाही कलम १९ लागू होतं. पण त्याच उपकलमात ‘करारात वेगळं काही म्हटलेलं नसेल तर’ अशी सवलत आहे. करार लिहिते कंपनी, त्यामुळे वेगळं काही म्हणून ठेवणं तिला एका ओळीचं काम आहे. पहिल्या संधीनं हरखलेला विशीतला गायक ती ओळ वाचत नाही, आणि वाचली तरी ती खोडण्याची ताकद त्याच्यात नसते. एकट्या गायकाच्या बाबतीत ही सवलत काढूनच टाकली पाहिजे. लहान मुलांच्या बाबतीत तर हे अधिकच निकडीचं आहे. १८७२च्या करार कायद्यानुसार अज्ञान व्यक्तीला करार करता येत नाही, म्हणजे सही पालक करतात आणि आवाज मुलाचा अडकतो. कार्तिकी गायकवाड, आर्या आंबेकर, मुग्धा वैशंपायन, प्रथमेश लघाटे आणि रोहित राऊत या टीव्हीवरच्या ‘लिटल चॅम्प्स’ गायक मुलांनी २००९मध्ये महाराष्ट्राला वेड लावलं. तेव्हापासून घराघरांतून मुलं गाण्याच्या स्पर्धांकडे निघाली आहेत. त्यांच्या आईबापांना गाणं शिकवणारा गुरू शोधता येतो, पण करार समजावणारं कुणी सहसा भेटत नाही.

झाडीपट्टीत सगळं आलबेल आहे असं मात्र नाही. हंगाम दिवाळीनंतर सुरू होतो आणि होळीच्या आसपास आटोपतो, उरलेलं वर्ष शेती-मजुरीवर काढावं लागतं, आणि कोविडच्या काळात हंगामाचा आधारही गेला. झाडीपट्टी रंगभूमीचे कलावंत परशुराम खुणे यांना २०२३मध्ये पद्मश्री मिळाली, याचा या भागाला रास्त अभिमान आहे. पण रंगमंचावर गाजलेल्या कितीतरी गायिकांचा आवाज आज कुठेही जतन झालेला नाही. आता नाटकांचं चित्रीकरण होऊन ते यूट्यूबवर जाऊ लागलं आहे, आणि ते जायलाच हवं. मात्र त्याबरोबर रेकॉर्डिंगच्या धंद्याची वाईट खोडही वडशात येऊ शकते. म्हणून हंगामाच्या बोलीत प्रयोगाच्या मोबदल्याच्या शेजारीच तीन गोष्टी आत्तापासून लिहून घ्याव्यात : गाणं चित्रित करायला गायकाची संमती, त्याच्या कमाईतला गायकाचा वाटा, आणि ते प्रसिद्ध करण्याची शेवटची तारीख. ती तारीख उलटली की गाणं गायकाचं.