पडून राहिलेल्या मोटारीचे मोल

वापराविना पडून राहिलेली स्पोर्ट्‌स मोटार घेऊ इच्छिणाऱ्या आमच्या तरुण बंधूंस या अंकाच्या निमित्ताने दोन शब्द सांगावेसे वाटतात. उदाहरणार्थ, गोव्यात तयार झालेली, १९९८ साली बाजारात आलेली दोन आसनांची 'सॅन स्टॉर्म' घ्या. तिचे अंग फायबरग्लासचे. त्यास गंज चढत नाही, म्हणून ती वरून धडधाकट भासते. परंतु खालचे पोलादी भाग कोकणपट्टीच्या पावसाळ्यातून सुटत नाहीत. पोत्याच्या तोंडाशी असलेला दाणा पाहून कोणी भाव बोलतो काय? तळचा दाणा हाती घ्यावा लागतो.

हिशेब असा मांडावा: चालू स्थितीतील तशाच मोटारीचा बाजारभाव धरावा, त्यातून दुरुस्तीचा, टायरांचा आणि १५ वर्षे उलटली असल्यास नोंदणी-नूतनीकरणाचा खर्च वजा करावा, न दिसणाऱ्या दोषांसाठी आणखी काही तूट धरावी. उरेल तेच मोल. काहीच न उरल्यास नमस्कार करून परतावे. मालकाने पूर्वी तीवर किती पैसा ओतला, हे या हिशेबात येत नाही.

मात्र प्रत्येक वजावट विकणाऱ्यास उघड सांगावी. त्याच्या अज्ञानावर मिळविलेली स्वस्ताई हा नफा नव्हे. ती पेढीच्या नावास लागलेली कीड होय.