कापसाच्या गावचा गणवेश

मनमाड–छत्रपती संभाजीनगर लोहमार्गावरील लासूर स्टेशन हे गंगापूर तालुक्यातील बाजारपेठेचे गाव. आसपासच्या शिवारांतला कापूस येथे विकायला येतो. त्याच शिवारांतली मुले जिल्हा परिषदेच्या शाळेत जो गणवेश घालून बसतात, त्यात मात्र बहुधा पॉलिएस्टरचाच भरणा असतो. या विसंगतीवर हळहळण्यापेक्षा तिच्यामागचा हिशेब तपासणे अधिक उपयुक्त ठरेल.

समग्र शिक्षा अभियानातून एका मुलामागे वर्षाला दोन गणवेशांसाठी ६०० रुपये मिळतात. म्हणजे एका गणवेशास ३००. एक क्विंटल कापसातून सुमारे ३४ किलो रुई निघते, बाकी बहुतेक सरकी. लहान मुलाच्या सुती सदरा-चड्डीला ३०० ग्रॅम कापड लागते असे धरले, तर किलोभर कापूस पुरावा. २०२५–२६ साठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ८,११० रुपये क्विंटल. तेव्हा कापसाचे झाले ८१ रुपये. उरलेल्या २१९ रुपयांत सूतकताई, विणकर, रंगारी, शिंपी, वाहतूक आणि व्यापाऱ्याचा नफा एवढे सारे बसवायचे. मग काटकसर होते ती जेथे ती चटकन दिसत नाही तेथे: वीण विरळ, शिवण एकेरी, आणि आत माया जवळजवळ नाहीच.

२०२४–२५ मध्ये राज्य सरकारने कापडाची खरेदी एकत्रित करून शिलाई महिला बचत गटांकडे दिली. गणवेश उशिरा पोहोचले, मापांविषयी व दर्जाविषयी तक्रारी झाल्या, आणि डिसेंबर २०२४ मध्ये हे काम पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे सोपवण्यात आले. वाद झाला तो खरेदी कोणी करावी याचा. कपडा किती टिकावा, हा प्रश्न त्यात कोठेच नव्हता.

वस्तुतः दोन वर्षांत एका मुलावर १,२०० रुपये खर्च होतात आणि चार गणवेश येतात. त्याच रकमेत प्रत्येकी ६०० रुपयांचे दोन गणवेश का घेऊ नयेत? दोन वर्षे टिकायचे तर त्यांची झीज दुप्पट होणार आणि मूलही वाढणार, हे उघड आहे. परंतु त्यावरचा इलाज कोणत्याही जुन्या शिंप्याला ठाऊक असतो. कापड बेतण्यापूर्वी भिजवून आटवून घ्यावे. शिवणीत दीड-दोन बोटे माया ठेवावी. खालची दुमड रुंद ठेवावी, म्हणजे पुढच्या जूनमध्ये उसवून कपडा वाढवता येतो. बगलेत कळी घालावी. बुडाला व गुडघ्याला दुहेरी कापड लावावे. यात फॅशन नाही, पण रचनेचे शहाणपण आहे. अडचण आहे ती अंदाजपत्रकाची. ते वर्षाचे असते आणि निविदा सर्वांत कमी दराची मंजूर होते. कपड्याचे आयुष्य मोजण्यासाठी त्यात रकानाच नाही.

कृत्रिम धाग्याची केवळ निंदा करूनही भागणार नाही. मराठवाड्यात पाणी विकत घेऊन धुणे धुणाऱ्या बाईला लवकर वाळणारे, न चुरगळणारे पातळ सोयीचे वाटले, यात तिचा दोष काय? पूर्वी फाटलेल्या लुगड्याचा मधला झिजलेला भाग काढून त्याला दंड घालत आणि शेवटी त्याची वाकळ शिवत, ते हौसेने नव्हे. दुसरे लुगडे नव्हते म्हणून. त्या दारिद्र्याचे गोडवे गाण्याचे कारण नाही. पण मराठवाड्याच्या उन्हात पत्र्याखालच्या वर्गात घाम न टिपणारे कापड अंगावर वागवायचे ते मुलानेच, आणि त्याला कोणी विचारलेले नसते.

वर्ध्याजवळच्या गोपुरीतील, विनोबांनी १९३४ मध्ये सुरू केलेल्या ग्रामसेवा मंडळाने कापसापासून कापडापर्यंतची कामे एका ठिकाणी आणली. ते कापड ३०० रुपयांच्या गणवेशात बसणार नाही, हे मान्य; ६०० रुपयांत हातमागाचे नाही, तरी दुपदरी सुताचे घट्ट गिरणीकापड बसवून पाहता येईल. त्यासाठी योजनेत दोन वर्षांची रक्कम एकदम खर्च करण्याची मुभा हवी, आणि खरेदीच्या कागदावर दोनच ओळी वाढवायला हव्यात: सुताचे प्रमाण किती आणि माया किती. लासूर स्टेशनचा शिंपीही मग त्या कामासाठी दर भरू शकेल.