तयार संच, पण रंग कुणाचा?

गेल्या स्नेहसंमेलनातील हस्तकला-प्रदर्शनात माझे वीतभरही नसलेले एक घर नाकारण्यात आले. “हा बाजारचा तयार संच. यात तुमचे काय?” असे विचारण्यात आले. राग ओसरल्यावर वाटले, प्रश्न योग्यच होता. उत्तर द्यायची सवड तेवढी मिळाली नाही. म्हणून हा लेखप्रपंच.

घर जर्मनीतल्या ब्लॅक फॉरेस्ट भागातले. याच भागात ग्युटेनबाख येथे फालर बंधूंनी १९४६ साली सुरू केलेली कंपनी छोट्या आगगाड्यांच्या शेजारी मांडायच्या इमारतींचे संच काढते. प्रमाण १:८७, म्हणजे १७४ सेंटिमीटर उंचीचा माणूस येथे बरोबर २ सेंटिमीटरचा!

जोडणीची फुशारकी मी मारणार नाही. भाग चौकटीतून कापावे, कानशीने घासावे, क्रमांक पाहून बसवावे. त्याचा डिंक खरे तर डिंक नव्हेच. तो प्लॅस्टिक किंचित विरघळवून दोन तुकडे एकजीव करतो, त्यामुळे चूक झाली की झाली. माझे वडील सुतारकाम करतात. “आधी कोरडं बसवून बघ,” एवढेच ते म्हणाले, आणि माझ्या दोन भिंती वाचल्या.

रंगाची गोष्ट निराळी. भाग रंगीतच येतात. न रंगवताही घर उभे राहते, पण साबणाच्या डबीसारखे चकचकीत. खऱ्या घराच्या फळ्यांमधल्या फटींत सावली साचते. इतक्या लहान आकारात ती पुरेशी पडत नाही. ती रंगवावीच लागते. अस्तराचा हात, मग लाकडाचा निस्तेज रंग, मग पातळ काळपट पाणी फटींत सोडायचे, आणि वाळल्यावर जवळजवळ कोरड्या कुंचल्याने कडा उजळायच्या. किती काळे, कुठे थांबायचे, हे कोणत्याही पत्रकात छापलेले नसते. (मी छपरावर थांबलो नाही. ते जळाल्यासारखे दिसते, हे कबूल.)

आता मला सांगा, त्याच संमेलनात बक्षीस मिळालेली एकांकिका आपल्या मित्रांनी लिहिली होती काय? गायलेली गीते गायकांची होती काय? तेथे आपण शब्द दुसऱ्याचे धरतो आणि उच्चार याचा पाहतो. मग घराच्या बाबतीतच हा सोवळेपणा का? आकार माझा नाही, हे मान्य. जो स्वतः पुठ्ठा कापून घर उभे करतो त्याच्या रांगेत मला बसवू नका. शेजारी ‘संच तयार, रंगकाम विद्यार्थ्याचे’ अशी चिठ्ठी लावा आणि मग रंगाचे गुण द्या, नाहीतर कापा.

परत आलेले घर वडिलांनी खिडकीत धरून पाहिले. पावसाचे ओघळ मी खिडकीच्या मधोमध काढले होते. “पाणी उंबऱ्याच्या टोकावरून उतरतं रे,” ते म्हणाले. ती भिंत मी परत रंगवतो आहे.