पोरांचं अंतराळ आपणच अडवून ठेवलंय

ज्या खेळात एकही चित्र नाही, आवाज नाही, पैसे मागणारी खिडकी नाही आणि जो भंगारात काढायच्या कॉम्प्युटरवरही बिनतक्रार चालतो, तो खेळ जुन्नर तालुक्यातल्या मढच्या खोऱ्यातल्या पोरांना कुणी दाखवला नाही. त्यांना दाखवली ती रमी, क्रिकेटवर पैसे लावायची ॲप्स, अर्ध्या मिनिटाचे व्हिडिओ आणि बंदुका घेऊन पळणारी रंगीत बाहुली. आणि मग त्याच पोरांना पारावर बसून आपण मोठी माणसं ऐकवतो की गेम खेळून डोकं बिघडतं. डोकं बिघडवणारा माल घरात आणला कुणी? हप्त्यावर मोबाइल घेतला कुणी? पोरगं जेवत नाही म्हणून ताटापुढे तो मोबाइल उभा केला कुणी? मला या दुटप्पीपणाचा संताप येतो आणि तो गिळून बसायची माझी तयारी नाही.

मी ज्याबद्दल बोलतोय तो खेळ १९७१ सालचा आहे. कॅलिफोर्नियात माइक मेफील्ड नावाच्या, शाळेच्या शेवटच्या वर्षात असलेल्या मुलाने तो मित्रांशी खल करून बेसिक भाषेत लिहिला आणि त्याला ‘स्टार ट्रेक’ या टीव्ही मालिकेचं नाव दिलं. १९७३ साली डेव्हिड आल यांनी तो पुस्तकात छापला. बॉब लीडम यांनी त्यात भर घालून ‘सुपर स्टार ट्रेक’ केला. पुढे ठिकठिकाणच्या पोरांनी पुस्तक मांडीवर घेऊन, ओळ न् ओळ टाइप करून तो आपापल्या मशीनवर उतरवला. शाळकरी पोराने लिहिलेला, शाळकरी पोरांनी उतरवून घेतलेला खेळ. त्याच १९७१ साली आमच्या जुन्नर तालुक्यात आर्वीला उपग्रहामार्फत परदेशाशी बोलणारं केंद्र सुरू झालं. तेव्हा आम्ही खेड्यातले, आमच्याकडे सगळं उशिरा येतं, ही सबब निदान या तालुक्याने सांगू नये.

खेळात आकाशगंगेचे आठ गुणिले आठ, म्हणजे ६४ चौकोन असतात. प्रत्येक चौकोनाच्या पोटात पुन्हा ६४ घरं. तुमच्याकडे एक यान, ३,००० एकक ऊर्जा, १० टॉर्पेडो आणि मोजके दिवस. तेवढ्या दिवसांत घुसखोर शत्रूची सगळी यानं शोधून संपवायची. दूरचा वेध घेतला की पडद्यावर तीन ओळींत तीन-तीन अशा नऊ संख्या उमटतात. २०७ म्हणजे त्या चौकोनात शत्रूची दोन यानं, तळ एकही नाही, तारे सात. ०१४ म्हणजे शत्रू नाही, आपला एक तळ आहे, तारे चार. एवढंच दिसतं, बाकीचं डोक्यात उभं करायचं. ऊर्जा दोनशेवर आलेली असताना कोपऱ्यात ०१४ दिसला की जीव भांड्यात पडतो, कारण तळाला लागलं की ऊर्जा आणि टॉर्पेडो पुन्हा भरून मिळतात. पण तिथवर पोचायला लागणारी ऊर्जाही त्या दोनशेतूनच जाणार आणि संरक्षक कवचही त्यातूनच भरायचं. किती कवचाला, किती प्रवासाला, हा हिशेब पोराला स्वतः करावा लागतो.

दिशा १ ते ९ या आकड्यांत द्यायची: १ उजवीकडे, ३ वर, ५ डावीकडे, ७ खाली. शत्रू तिरपा असला की मधला अपूर्णांक काढावा लागतो. अंदाजपंचे दिला की टॉर्पेडो शेजारून निघून जातो आणि पुढची पाळी शत्रूची असते. किरणांचा मारा करायचा तर तो चौकोनातल्या सगळ्या शत्रूंत वाटला जातो आणि अंतर वाढेल तसा पातळ होतो. ते अंतर काढणारी प्रोग्राममधली ओळ म्हणजे पायथागोरसचं प्रमेय, दुसरं तिसरं काही नाही. शत्रू तीन घरं उजवीकडे आणि चार घरं वर असेल तर अंतर पाच. दहावीच्या पुस्तकात निर्देशक भूमितीच्या धड्यात अंतराचं हेच सूत्र आहे आणि आमची पोरं ते मार्कांपुरतं घोकतात. माझ्याकडे येऊन खेळणाऱ्या पोरांनी मात्र टॉर्पेडो चुकायला लागल्यावर आपणहून आलेख कागद मागितला. कुणी छडी उगारली नव्हती, कुणी मार्क देणार नव्हतं.

यावर शहाणी माणसं म्हणतात, आजच्या जमान्यात असले अक्षरांचे खेळ कोण खेळणार? आता ग्राफिक्स कुठल्या कुठे गेलंय. त्यांना मी खोडदला जायला सांगतो. आमच्याच तालुक्यात, नारायणगावजवळ, गोविंद स्वरूप यांनी उभी केलेली जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना. जगभरचे खगोलशास्त्रज्ञ तिच्यावर वेळ मिळावा म्हणून अर्ज करतात. त्या दुर्बिणीला डोळा लावायची जागाच नाही. तिच्यातून येतात ते संकेत, म्हणजे शेवटी आकडेच, आणि त्या आकड्यांवर गणित केल्यावर कुठे चित्र तयार होतं. ८८० कोटी वर्षांपूर्वी निघालेला एका दीर्घिकेतल्या हायड्रोजनचा संकेत याच दुर्बिणीने पकडला, ते जानेवारी २०२३ मध्ये जाहीर झालं. म्हणजे अंतराळाचा खरा अभ्यास आकड्यांच्या रकान्यांतूनच चालतो. २०७ वाचून डोळ्यांपुढे सात तारे आणि दोन शत्रू उभे करणारं पोरगं त्या अभ्यासाच्या जास्त जवळ आहे. पडद्यावरचा चकचकीत स्फोट बघून टाळ्या पिटणारं पोरगं नुसतं प्रेक्षक आहे. दर २८ फेब्रुवारीला विज्ञान दिनाच्या प्रदर्शनाला खोडदला शाळांच्या गाड्या लागतात. पोरं अँटेनाकडे माना वर करून बघतात, भारावून घरी येतात. घरी आल्यावर त्या भारावलेपणाचं करायचं काय? ते टिकवायला, त्याच्याशी खेळायला आपण त्यांच्या हातात काय ठेवलंय? काहीही नाही.

आणि असा खेळ मराठीत झाला नसता असंही कुणी म्हणू नये. जयंत नारळीकरांनी १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला टोपण नावाने ‘कृष्णविवर’ कथा पाठवली आणि तिला पहिलं बक्षीस मिळालं. त्यानंतर बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, निरंजन घाटे, सुबोध जावडेकर अशी मोठी फळी लिहीत आली. अंतराळावर वाचणारा वाचक मराठीत होता आणि आहे. मे २०२५ मध्ये नारळीकर गेले तेव्हा ज्याच्या-त्याच्या स्टेटसवर त्यांचा फोटो होता. त्यांतल्या किती जणांना प्रोग्राम लिहिता येतो? हजारोंना येतो. जुन्नर-आंबेगावच्या वाडीवस्तीवरून शिकून हिंजवडीला, खराडीला, परदेशात गेलेली माणसं रोज परदेशी बँकांसाठी हजारो ओळी लिहितात. त्यांना आपल्या गावच्या पोरांसाठी असल्या खेळाच्या चारशे ओळी लिहिता आल्या नाहीत. यात्रेला येतात, वर्गणी देतात, शाळेला कमान बांधून देतात आणि कमानीवर नाव घालून घेतात. कमानीखालून आत गेल्यावर त्या शाळेतला कॉम्प्युटर कव्हर घालून झाकलेला असतो, तो कधी उघडून बघत नाहीत.

मी तो खेळ पायथनमध्ये मराठीत उतरवला. मी काही मोठा इंजिनिअर नाही, आणि त्यासाठी व्हावंही लागत नाही. एकच खरी अडचण आली. काना-मात्रा-वेलांटी असलेली अक्षरं चौकटीत ठेवली की रकाने वाकडे होतात, शत्रू आपल्या घरातून अर्धा बाहेर सरकलेला दिसतो. म्हणून नकाशावर सुटी अक्षरं ठेवली: यानाला ‘य’, शत्रूला ‘श’, तळाला ‘त’, ताऱ्याला फुली. आकडे मराठीत टाकले तरी पायथन ते मुकाट घेतं. ३ लिहिलं की यान वरच जातं. पावसाळ्यात माळशेजकडून ढग उतरले की इथे वीज आणि मोबाइलची रेंज हातात हात घालून जातात. तेव्हा बॅटरी संपेस्तोवर हा खेळ चालतो, कारण त्याला इंटरनेट लागतच नाही.

एका पोराने प्रोग्रामची फाइल उघडून ३००० च्या जागी ३०००० केलं. कुणी सांगितलं नव्हतं. थोडा वेळ त्याने शत्रूला झोडपून काढलं, मग कंटाळला आणि परत ३००० केलं. पुढच्या वेळी बघतो तर आकडा २२०० होता, आणि तळांची संख्याही त्याने घटवली होती. कॉम्प्युटर शिकणं म्हणजे मी याला म्हणतो. यंत्राच्या आतले नियम माणसाने लिहिलेले असतात, ते वाचता येतात, बदलता येतात आणि बदलल्याचा परिणाम भोगावा लागतो. आमच्या तालुक्यात एमएस-सीआयटीचं प्रमाणपत्र घराघरात आहे. नोकरीच्या अर्जाला ते लागतं म्हणून लोकांनी घेतलं. पत्र टाइप करायला आणि तक्ता भरायला शिकले, आणि यंत्राच्या आत काय आहे हे न बघताच बाहेर पडले.

सगळेच अक्षरी खेळ धुतल्या तांदळासारखे नाहीत, हेही सांगतो. २००२ साली जर्मनीतून आलेला ‘ओगेम’ घ्या. धातू, स्फटिक, ड्युटेरियम यांच्या खाणी, जहाजांचे ताफे, ग्रहांवर स्वाऱ्या, सगळं तक्त्यांत आणि आकड्यांत. डोकं लावून रचलेला खेळ आहे. पण तो घड्याळाबरोबर चालतो. तुम्ही झोपलात तरी शत्रूचा ताफा येऊन तुमचा माल लुटून नेतो, म्हणून माणसं रात्री गजर लावून उठतात. आणि त्यात खऱ्या पैशाने ‘डार्क मॅटर’ विकत मिळतं, म्हणजे खिसा जड त्याचं साम्राज्य जड. असला खेळ मी पोरांच्या हातात देणार नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैशाच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला. जुगार वेगळा आणि खेळ वेगळा, हे निदान कायद्याच्या पुस्तकात आलं. गावातल्या मोठ्या माणसांच्या डोक्यात अजून आलेलं नाही. एका शाळेत मी म्हटलं, माझा खेळ फुकट बसवून देतो, पोरांना दाखवतो. उत्तर आलं, ‘भाऊ, इथे गेम नको. पालक बोंब मारतील.’ पालकांनी बोंब मारायची तर झाकलेल्या कॉम्प्युटरवर मारावी.

दुसरा आक्षेप लढाईचा. पोरांना जिंकण्या-मारण्याचे धडे कशाला? हा प्रश्न शिवनेरीच्या तालुक्यात विचारला जातो! दिवाळीत आपण पोरांकडून मातीचे किल्ले करून घेतो, त्यावर मावळे मांडतो, आणि तिथेच थांबतो. दाणागोटा कुठून आला, पाणी किती दिवस पुरलं, माघार कधी घेतली, हे कुणी सांगत नाही. हा खेळ नेमकं तेच विचारतो. शौर्याच्या आरोळीला त्यात शून्य किंमत आहे. कवच न भरता तीन शत्रूंच्या चौकोनात घुसून लढलात की शत्रूच्या पहिल्याच माऱ्यात मोहीम संपते. टॉर्पेडो संपल्यावर तळाकडे मागे फिरायला जो शिकतो तोच जिंकतो. लढाईच्या नावावर मिरवणुकीत तलवारी नाचवणाऱ्यांपेक्षा हे शिक्षण मला शंभरपट मोलाचं वाटतं.

मागणी मोठी नाही. गावचं पोरगं आयटीत असेल तर त्याने यात्रेला येताना वर्गणीच्या पाकिटाबरोबर एक पेन ड्राइव्ह आणावा. ओतूर, उदापूर, डिंगोरे, मढ इथल्या ज्या शाळेत कॉम्प्युटर असेल तिथल्या मास्तरांनी त्यावरचं कव्हर काढावं आणि शनिवारच्या सकाळच्या शाळेतला एक तास द्यावा. विज्ञान दिनाला खोडदला थर्माकोलचे ज्वालामुखी नेणाऱ्या शाळांनी एक तरी टेबल पोरांनी स्वतः बदललेल्या खेळासाठी ठेवावं, आणि बघायला आलेल्या शास्त्रज्ञाला पोराने विचारावं, ‘सर, इथे अंतर काढायला मी बरोबर सूत्र वापरलंय का?’ माझ्याकडचा प्रोग्राम कुणीही न्यावा, तोडावा, वाढवावा. मी त्यावर नावसुद्धा घातलेलं नाही.